फितीची चाल



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो आता पगारवाढ, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार असे श्रोते धरून चालतात. त्यांत त्यांची काही चूक नाही. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आज मात्र चालकांच्या परवानगीने आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत. ते यंत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एके काळी होते, आणि आज ते माळ्यावर धूळ खात पडले असेल किंवा भंगारवाल्याकडे गेले असेल. आम्ही व्हिडिओ टेपच्या यंत्राविषयी बोलत आहो. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली. यंत्राची विद्या आम्ही कारखान्यातल्या जाणत्या मंडळींजवळ बसून, जुनी पुस्तके चाळून आणि मोडकी यंत्रे उघडून मिळवली. तेव्हा सांगण्यात पंडिती थाट असणार नाही. जे हाताने पाहिले आणि वाचून पडताळले, तेवढेच सांगू.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ह्या यंत्राची कीर्ती त्याच्या गरगर फिरणाऱ्या हेडाने घेतली. पण चित्र चांगले दिसते की वाईट, हे ठरते ते फीत कशी चालते यावर. ही चाल सुधारण्यात चाळीस-पन्नास वर्षे कारागिरांची आणि इंजिनियरांची बुद्धी खर्ची पडली. ती विद्या आज विसरली जात आहे, आणि तिच्याबरोबर आपल्या लोकांची फितींवर साठवलेली आठवणही जाणार आहे.

प्रथम हेड फिरवावे लागले कशासाठी, ते पाहू. आवाजाच्या टेपमध्ये हेड जागेवर उभे असते आणि फीत त्याच्यासमोरून सरकते. माणसाच्या कानाला ऐकू येणारी कंपने सेकंदाला फार तर वीस हजार. एवढी कंपने संथ चालणाऱ्या फितीवर मावतात. दूरचित्रवाणीच्या चांगल्या चित्राला मात्र सेकंदाला पन्नास लाखांच्या घरात कंपने साठवावी लागतात. ती संथ फितीवर एकावर एक पडून साराच काला होतो. तेव्हा फीत वेगाने पळवणे हा पहिला उपाय सुचला. इंग्लंडात बी.बी.सी.ने ‘व्हेरा’ नावाचे यंत्र तयार करून १९५८ साली लोकांना दाखवले. त्यात फीत सेकंदाला २०० इंच, म्हणजे पाच मीटरांहून थोडी अधिक पळे. सायकलवाला रस्त्याने जातो तोच हा वेग. पाव तासाच्या कार्यक्रमाला साडेचार किलोमीटर फीत लागे. एवढी फीत एवढ्या वेगाने पळवायची, थांबवायची आणि तुटू द्यायची नाही, हे काम किती जिकिरीचे असेल त्याची कल्पना करा.

अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने त्याआधीच, १९५६ साली, दुसरी युक्ती काढली होती. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखालच्या मंडळींनी फीत संथ ठेवली आणि हेडच फिरवले. दोन इंच रुंद फितीवर चार हेडे लावलेली चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेई, आणि फितीच्या रुंदीवर आडव्या रेघा ओढत जाई. फीत सेकंदाला १५ इंच चालली तरी पुरे. यंत्र उत्तम होते. पण पडद्यावर क्षणोक्षणी जी अर्धचित्रे उमटतात, त्यांतल्या प्रत्येकाचे सोळा तुकडे पडत, आणि ते तुकडे जुळवण्याचा खटाटोप व खर्च मोठा होता.

मग तिसरी पद्धत आली, आणि तीच आजचा आमचा विषय. फीत एका दंडगोल ड्रमाभोवती तिरकी गुंडाळायची, मळसूत्राचा आटा जसा खिळ्यावर चढतो तशी. हेड आडवे फिरते, फीत तिरकी चढते, म्हणून फितीवर लांबलचक तिरकस रेघ उमटते, आणि एका रेघेत एक संपूर्ण अर्धचित्र मावते. जर्मनीत टेलिफुंकेनच्या एडुआर्ड शूलर यांनी १९५३ साली या कल्पनेचे पेटंट मागितले. जपानात तोशिबाच्या नोरिकाझु सावाझाकी यांनी १९५९ साली चालते यंत्र दाखवले. १९७१ साली सोनीचे यू-मॅटिक आले, १९७५ साली बीटामॅक्स आले आणि १९७६ साली जे.व्ही.सी.चे व्ही.एच.एस. आले. हीच शेवटची जात आपल्या गल्लीबोळांतून पोचली.

व्ही.एच.एस.ची मापे ऐका. फीत अर्धा इंच रुंद. जाडी वीस मायक्रॉनांच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ड्रमाचा व्यास ६२ मिलिमीटर. आपल्याकडच्या पद्धतीत तो सेकंदाला २५ फेरे घेतो. फीत सेकंदाला साडेतेवीस मिलिमीटरांहूनही थोडी कमी चालते. पण हेड तिच्यावरून सेकंदाला पावणेपाच मीटरांहून अधिक धावते. म्हणजे फीत एक पाऊल टाकते तोवर हेड दोनशे पावले जाते. रेघ सुमारे सहा अंशांनी तिरकी असते, आणि तिची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. फीत पंचवीस मायक्रॉन वर किंवा खाली सरकली, की हेड अर्धे आपल्या रेघेवर आणि अर्धे शेजारणीच्या रेघेवर पडते. आणि हे सारे कोठे घडायचे? तर प्लॅस्टिकच्या डब्यातून यंत्राने बाहेर ओढून घेतलेल्या एका लवचिक पट्टीवर!

फितीच्या चालीला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: घर्षण, ताण आणि पातळी. एकेक घेऊ.

घर्षणाची गोष्ट गोदी कामगारांना पुस्तकाविना ठाऊक असते. जहाजाचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोन वेढे देऊन एकटा माणूस तोलून धरतो. घर्षणाचा गुणक पाव धरला, तर अर्ध्या वेढ्याला ओढ दुपटीहून थोडी अधिक होते, आणि दोन पुऱ्या वेढ्यांना तेवीसपट होते. दहा किलोंच्या हाताने दोनशेतीस किलो पेलता येतात. गोदीत जे वरदान, तेच टेपच्या यंत्रात संकट. फीत एका रिळातून निघून दुसऱ्या रिळात जाईपर्यंत कित्येक खुंटांना वळसे घालते, आणि शिवाय अर्ध्या ड्रमाला मिठी मारते. प्रत्येक वळणावर ताण वाढतो, आणि तो बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. खुंट जरासा मळला की ताण आणखी चढतो.

यावर सोपा उपाय म्हणजे स्थिर खुंट काढून फिरते रोलर बसवावे. पण रोलर तंतोतंत गोल नसला, किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये कचरा गेला, तर तो प्रत्येक फेऱ्याला फितीला एक हिसका देतो, आणि तो हिसका चित्रात थरथर होऊन दिसतो. म्हणून कसबी मंडळींनी मधला मार्ग काढला. ड्रमाच्या दोन्ही अंगांना मोठ्या वळणावर फिरते रोलर ठेवले, आणि फितीला तिरकी करण्यापुरते गुळगुळीत तिरपे खुंट ठेवले. ड्रमाचे काम तर फार सुंदर आहे. त्याचा वरचा भाग फिरताना हवा ओढून घेतो, आणि फीत व ड्रम यांच्यामध्ये हवेचा पातळ थर तयार होतो. फीत जणू त्या थरावर तरंगते. फक्त हेडाचे टोक तेवढे बाहेर डोकावून तिला स्पर्श करते. हवेचा थर फार जाड झाला तर स्पर्शच सुटतो, म्हणून ड्रमावर बारीक खाचा पाडून जादा हवेला वाट करून दिलेली असते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ड्रमावर ओल धरली, की हवेचा थर राहतो बाजूला आणि फीत ड्रमाला चिकटून बसते. तसे होऊ नये म्हणून यंत्रात दवाची चाहूल घेणारा भाग बसवला जाई. ओल दिसली की यंत्र चालायलाच नकार देई. ज्यांनी त्या वेळी यंत्राला शिव्या दिल्या असतील, त्यांनी आता त्या परत घ्याव्या.

आता ताण. गिरणीत काम केलेली मंडळी या सभेत असतील, त्यांना हे लगेच पटेल. वार्पिंगला बीमवर एक धागा सैल आणि शेजारचा ताठ असा गेला, तर तो पुढे साच्यावर तुटतो, आणि ठपका साचेवाल्यावर येतो. फितीचेही तसेच आहे. भरलेल्या रिळाची त्रिज्या मोठी असते, रिकामे होता होता ती लहान होते. रिळावर ब्रेकचा दाब एकच ठेवला, तर आरंभी ताण कमी आणि शेवटी जास्त, असा कारभार होईल. म्हणून फितीच्या वाटेत एक हलती दांडी ठेवली आणि ती रिळाभोवतीच्या नमद्याच्या पट्ट्याला जोडली. ताण वाढला की फीत दांडीला ढकलते, दांडी पट्टा सैल करते, आणि ताण उतरतो. ताण कमी झाला की ह्याच्या उलट. दोन-चार रुपयांच्या सामानात केलेला हा न्यायनिवाडा आहे. पुढे मोठ्या यंत्रांत प्रत्येक रिळाला स्वतंत्र मोटर दिली, आणि दांडीच्या जागी विजेचा संकेत देणारा भाग आला. पण तत्त्व तेच राहिले.

ताणाची चूक चित्रात कशी दिसते, त्याचा हिशेब करून पाहू. एक अर्धचित्र वीस हजार मायक्रोसेकंद चालते, आणि पडद्यावरची एक ओळ चौसष्ट मायक्रोसेकंद. मुद्रणाच्या वेळी होती त्याहून फीत हजारांत एकच भाग जास्त ताणली गेली, असे धरा. तेवढ्याने अर्धचित्राच्या अखेरीस वीस मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे ओळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा! मग पडद्याच्या वरच्या भागात चित्र एका बाजूला वाकते, आणि उभ्या माणसाचे डोके मोडल्यासारखे दिसते. ताण फार कमी असेल तर हेडाचा स्पर्श सुटून पांढरे ठिपके पडतात. फार जास्त असेल तर हेड झिजते आणि फीत कायमची बिघडते.

तिसरी गोष्ट पातळी. ड्रमाच्या खालच्या, स्थिर भागावर एक तिरकी पायरी कोरलेली असते, आणि फितीची खालची कड त्या पायरीवरून चालते. वरून रोलरची कड तिला हलकेच सांभाळते. हे ‘हलकेच’ फार महत्त्वाचे. रोलर फार खाली उतरवला, तर फितीची कड पायरीवर चेंगरते. आणि व्ही.एच.एस.मध्ये नेमक्या त्याच कडेला यंत्राला पाऊल जुळवायला लावणारे संकेत लिहिलेले असतात. कड गेली की यंत्राचा तोल गेला. जाणता मेकॅनिक रोलरच्या माथ्याचा स्क्रू फिरवताना फितीकडे पाहत नाही. तो आसिलोस्कोपच्या पडद्यावर हेडाचा संकेत पाहतो. संकेताची पट्टी आरंभी निमुळती असेल तर फीत आत येते त्या अंगाचा रोलर चुकला. शेवटी निमुळती असेल तर बाहेर जाते त्या अंगाचा. पट्टी दोन्ही टोकांस सारखी झाली, की त्याचा हात थांबतो. स्क्रूचा पाव फेरा म्हणजे या कामात फार मोठा प्रवास.

पुढच्या काळात शहाण्या लोकांनी या तिन्ही अडचणी निरनिराळ्या दिशांनी सोडवल्या. फिलिप्स आणि ग्रुंडिग यांच्या १९७९ सालच्या ‘व्हिडिओ २०००’ यंत्रात हेडच लवचिक पट्टीवर बसवले होते. रेघ जिकडे वळेल तिकडे हेड वळे. १९८७ साली आवाजासाठी ‘डॅट’ यंत्र आले, त्यात फीत ड्रमाला अर्ध्याऐवजी पाव वेढाच घालते. वेढा कमी म्हणून घर्षण कमी, आणि फीत ड्रमावरून न काढता वेगाने पुढेमागे नेता येऊ लागली. संगणकाची माहिती साठवणाऱ्या एक्साबाइट कंपनीने १९९६ सालच्या आपल्या ‘मॅमथ’ यंत्रातून फीत चिमटीत धरून ओढणारा कॅप्स्टन आणि त्याचा रबरी रोलर काढूनच टाकला; दोन रिळांच्या मोटरींनीच चाल आणि ताण सांभाळला. आणि १९९९ साली एक्रिक्स कंपनीच्या ‘व्ही.एक्स.ए.’ने तर प्रश्नच उलटा केला. माहितीच्या लहान लहान पुड्या बांधून प्रत्येकीवर पत्ता लिहिला, आणि हेडांना सांगितले की पुडी सापडेल त्या क्रमाने उचला, जुळवणी मागून करू. फीत थोडी वाकडी चालली तरी काम अडत नाही.

या साऱ्यांतून आम्हांस एक गोष्ट शिकावीशी वाटते. फितीला जबरदस्तीने सरळ चालवण्याचा हट्ट जिथे धरला गेला, तिथे फीत लवकर मेली. जिथे वाटेतला अडथळा कमी केला, ताण सारखा वाटला, आणि हेडानेही थोडे नमते घेतले, तिथे फीत टिकली. कारखान्यातल्या माणसांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हा विषय आम्ही आजच्या दिवशी का काढला, ते सांगतो. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालच्या जुलैत व्ही.एच.एस. यंत्रांचे उत्पादन थांबवले, आणि त्यानंतर नवे यंत्र निघणे बंद झाले. मोठमोठ्या माहितीकोठारांत फीत आजही वापरली जाते, पण ती सरळ रेघांची आहे. मळसूत्री पद्धतीचा वंश तिथे चालला नाही. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमातून जगभर इशारा देण्यात आला, की फिती नष्ट होण्याच्या आधीच त्या वाचणारी यंत्रे, सुटे भाग आणि जाणते हात संपतील. त्या इशाऱ्यात धरलेले वर्ष २०२५ होते.

आपल्याकडे १९८२ सालच्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि पाठोपाठ व्हिडिओ आला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. पुढल्या दहा-पंधरा वर्षांत लग्ने, बारशी, नाटके, कीर्तने, शाहिरांचे कार्यक्रम, गेटसभा आणि मोर्चे लोकांनी फितींवर उतरवून घेतले. वर्तमानपत्रांनी ज्यांचे नाव कधी छापले नाही, अशा माणसांचे चेहरे आणि आवाज तेवढ्याच जागी आहेत.

आमच्या युनियनच्या कचेरीत अशा एकतीस फिती आहेत. त्यांतली एक, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेवटच्या गेटसभेची, आम्ही एका दुकानात उतरवायला दिली होती. दुकानदाराने चित्र वाकडे येते असे पाहून ‘टेप खराब आहे’ म्हणून शेरा मारला आणि पैसे घेतले. तीच फीत आम्ही एका निवृत्त मेकॅनिककडे नेली. एके काळी ते जुळणीच्या पट्ट्यावर अशीच यंत्रे बांधत. त्यांनी दोन मिनिटे चित्र पाहिले आणि म्हणाले, “साहेब, टेपला काही झालेलं नाही. मशीन तिला आवळतंय.” नमद्याचा पट्टा त्यांनी केसभर सैल केला, खुंट स्पिरिटने पुसले, आणि चित्र सरळ झाले. वाइंडिंग खात्यातल्या एक बाई त्या सभेत सात मिनिटे बोलल्या होत्या. आपल्या खात्यातल्या कोणत्या बाईचे किती देणे राहिले आहे, ते त्यांनी हातात कागद न घेता, नावानिशी सांगितले होते. त्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलांनी आईचा आवाज असलेले दुसरे काहीच आपल्याजवळ नाही असे सांगितले, आणि प्रत घेऊन गेली. श्रोतेहो, ठपका फितीवर आला होता, आणि दोष तिला चालवणाऱ्याचा होता. कामगारांच्या बाबतीत हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहो.

तेव्हा घरी गेल्यावर काय करावे, तेही सांगतो. फिती उभ्या ठेवा, कोरड्या जागी ठेवा. डब्याच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर ती फीत यंत्रात घालू नका. बुरशी हेडाला लागून पुढच्या फितीतही जाते. डब्याच्या मागल्या बाजूची लहान प्लॅस्टिकची टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होणार नाही. अनोळखी यंत्रात आधी टाकाऊ फीत चालवून पाहा. ती धड बाहेर आली तर मगच मोलाची फीत घाला. चित्र बिघडलेले दिसले म्हणून फीत फेकू नका; ताण आणि पातळी पाहणारा माणूस शोधा. आणि जिची दुसरी प्रत कोठेच नाही, ती फीत सर्वांआधी उतरवून घ्या.

पण एकेकट्याने हे काम उरकणार नाही. आमची या गावाकडे एक मागणी आहे; मागणी केल्यावाचून आम्ही व्यासपीठ सोडले तर आमचेच सभासद आम्हांला हसतील. गावच्या ग्रंथालयाने एक खोली द्यावी. लोकांच्या माळ्यांवरून जुनी यंत्रे गोळा करावी. चारांतून एक धड यंत्र उभे राहील आणि तीन त्याला सुटे भाग पुरवतील. एक निवृत्त मेकॅनिक नेमावा, आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण मुले किंवा मुली द्याव्या. मेकॅनिकला मानधनाच्या नावाखाली नारळ आणि शाल न देता दरमहा रीतसर वेतन द्यावे. ही विद्या पुस्तकात थोडी आणि बोटांत फार आहे, आणि ती बोटे आता साठी-सत्तरीत आहेत. यंत्र एकदा बंद पडले तर दुसऱ्या गावाहून आणता येईल. रोलरचा स्क्रू कुठे थांबवायचा हे ज्याला कळते तो माणूस गेला, तर तो आणायचा कोठून?

आमच्या कचेरीतल्या अजून अठ्ठावीस फिती उतरवायच्या राहिल्या आहेत. खोली मिळाली तर पहिले काम आम्ही आणून देऊ, आणि त्याची वर्गणीही भरू.